नकाराची किंमत कोणी द्यावी?

काही शब्द रोजच्या वापराने इतके झिजतात की, त्यांच्यावरचा मूळ ठसा दिसेनासा होतो. ‘नामंजूर’ हा असाच एक शब्द. तो अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपल्या कचेऱ्यांत कायमचा स्थिरावला. त्यातील ‘मंजूर’ आणि आपला नेहमीचा ‘नजर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत. मंजूर म्हणजे मुळात पाहिलेले, ज्याच्यावर नजर पडली ते. आणि नामंजूर म्हणजे ज्याच्याकडे पाहिले गेले नाही ते. अर्जावर हा शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या मनात हा अर्थ नसतो. परंतु तो कागद ज्याच्या हाती पडतो, त्याला शब्दाचे मूळ ठाऊक नसले तरी नेमका तोच अर्थ लागतो : माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात अर्पण घेऊन आलेल्या दोन भावांची हकिकत आहे. तेथे मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आले आहे, त्याचाही अर्थ आदराने पाहणे, लक्ष देणे असाच आहे. परमेश्वराने हाबेल व त्याचे अर्पण यांच्याकडे पाहिले; काइन व त्याचे अर्पण यांच्याकडे पाहिले नाही. त्यानंतर काइनाचा चेहरा ‘पडला’ असे इब्रीत म्हटले आहे. भाषांतर करणाऱ्याला अशा जागी फार शोध करावा लागत नाही, कारण ‘तोंड उतरणे’ हा वाक्प्रचार मराठीत आयताच आहे. नकार मिळालेल्या मनुष्याचा चेहरा सर्व भाषांत सारखाच दिसतो.

वाचकहो, या लेखात एकच प्रश्न आपणापुढे ठेवावयाचा आहे. नकार देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने तो न्यायाने वापरला व योग्य मनुष्य निवडला, म्हणजे त्याचे कर्तव्य संपते काय? की ज्यांना त्याने निवडले नाही, त्यांचेही काही ऋण त्याच्यावर राहते? जागा एक आणि अर्जदार शंभर असतील तर नव्याण्णवांना नकार मिळणारच. तेवढ्याने अन्याय होत नाही. परंतु प्रत्येक नकाराला किंमत असते. ती आज कोण देतो, आणि वास्तविक कोणी द्यावी?

कागदामागचा खर्च

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी अर्ज मागवले. परीक्षा शुल्क खुल्या वर्गासाठी १,००० रुपये व राखीव वर्गासाठी ९०० रुपये होते. दहा लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्येकी ९०० रुपयेच धरले तरी ही रक्कम ९० कोटींच्या घरात जाते. दोनशेहून अधिक अर्जदारांमागे एकालाच जागा मिळणार, हे अर्ज भरतानाच स्पष्ट होते. म्हणजे या रकमेतील जवळजवळ सर्व पैसा ज्यांना काहीच मिळणार नव्हते, त्यांच्या खिशातून आला. आणि ज्यांच्या खिशातून आला ते बहुतांशी बेकार होते.

शुल्क हा तरी दिसणारा खर्च आहे. त्याच्या मागे न दिसणाऱ्या खर्चाची रांग असते. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेयरचा कागद. यांतील प्रत्येकासाठी तहसील कचेरीच्या दोन-तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला बुडालेली एका दिवसाची मजुरी. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचे पैसे वेगळे. परीक्षेचे केंद्र दूरच्या जिल्ह्यात आले, तर आदल्या रात्रीची एस. टी. आणि लॉजचे भाडे. उमेदवार मुलगी असेल तर सोबत वडील किंवा भाऊ, म्हणजे तिकिटे दोन. पुण्यास सदाशिव पेठेत राहून तयारी करणाऱ्याचा हिशेब आणखी निराळा : एका कॉटचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची मासिक फी, क्लासचा हप्ता. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तर दाखला कोणत्या राज्याचा मागावा येथपासून अडचण असते. हा सर्व खर्च कोणत्याही सरकारी नोंदवहीत येत नाही. आईने मोडलेल्या सोन्याच्या मण्यांची पावती कोण ठेवतो?

निवड झालेला उमेदवार हा खर्च पहिल्या एक-दोन पगारांत भरून काढतो. न निवडलेल्याला तो कधीच परत मिळत नाही; उलट तो पुढच्या अर्जासाठी पुन्हा तेवढाच खर्च करतो. शिवाय सर्वांना सारखे असलेले शुल्क सर्वांना सारखे जड नसते. मंदिरातील भांडारासमोर बसून प्रभू येशूने लोकांना पैसे टाकताना पाहिले (मार्क १२:४१-४४). त्याने विधवेची दोन नाणी मोजली, त्याचबरोबर ती टाकल्यावर तिच्याजवळ काय उरले तेही पाहिले. ही हकिकत सांगण्याच्या अगदी आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी त्याने दिलेला इशारा आहे. आपण दानाच्या रविवारी पहिला भाग वाचतो आणि दुसरा सोडून देतो.

परदेशी जाण्यासाठी केलेल्या अर्जाचीही हीच कथा आहे. युरोपातील शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. जर्मनीत परिचारिका असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला जाऊ पाहणारी आई घ्या. तिच्यासाठी विमा काढावा लागतो, बँकेचे कागद जमवावे लागतात, मुंबईपर्यंत प्रवास करावा लागतो. आणि शेवटी कारणांच्या छापील यादीपैकी एकापुढे खूण केलेला कागद हाती येतो. तिच्या परत येण्याच्या हेतूविषयी खात्री पटली नाही, असा त्या खुणेचा अर्थ असतो. सारे आयुष्य एका गावात, एका मंडळीत काढलेल्या स्त्रीला आपण खोटे ठरलो असे वाटते. ९० युरो काही वर्षांत विसरले जातील. ती खूण विसरली जात नाही.

पैशाखेरीज आणखी एक खर्च वेळेचा असतो. फेलिक्स सुभेदाराने पौलाचे प्रकरण दोन वर्षे तसेच ठेवले, कारण त्याला पौलाकडून पैसे मिळण्याची आशा होती (प्रेषितांची कृत्ये २४:२६-२७). प्रलंबित फायलीचे इतके नेमके वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. फेलिक्सची दोन वर्षे राजवाड्यात गेली, पौलाची तुरुंगात. काळ तोच, किंमत मात्र एकानेच दिली. आपल्याकडेही निकाल लांबतो, मुलाखती लांबतात, नेमणुका लांबतात. वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही. जून २०२१ मध्ये पुण्यात राज्यसेवेच्या अभियांत्रिकी परीक्षेचे दोन टप्पे उत्तीर्ण झालेल्या, पण मुलाखतीची वाट पाहून थकलेल्या एका तरुणाने आपले जीवन संपवले. त्यावर विधिमंडळात चर्चा झाली. त्या तरुणाला नकारदेखील मिळाला नव्हता. त्याला काहीच उत्तर मिळाले नव्हते.

मनाचा हिशेब

नकाराचा घाव कोठे बसतो, हे आपल्या बोलण्यातच दिसते. ‘त्याचा अर्ज नाकारला’ असे आपण क्वचित म्हणतो. ‘त्याला नाकारले’ असे सहज म्हणतो. कागद बाजूला राहतो आणि मनुष्यच नापसंत ठरतो. एकदा असे झाले की तो लग्नकार्यांना जाण्याचे टाळू लागतो, कारण तेथे कोणीतरी ‘काय झाले त्या परीक्षेचे?’ असे विचारणार. वडील शेजाऱ्यांशी बोलताना विषय बदलतात. धाकट्या भावाला नोकरी लागली, तर घरात आनंद किती करावा याचाही संकोच पडतो.

पवित्र शास्त्राने हा घाव ओळखला आहे. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडण्यास आला, तेव्हा थोरला पुत्र अलियाब पहिल्यांदा पुढे आला. उंच, देखणा, शमुवेलाच्याही मनात भरलेला. त्याला नापसंत करण्यात आले आणि त्याच्या डोळ्यांदेखत धाकट्याचा अभिषेक झाला (१ शमुवेल १६). पुढच्याच अध्यायात दाविद रणभूमीवर येतो तेव्हा अलियाब त्याच्यावर भडकतो; ती थोडीशी मेंढरे कोणाच्या स्वाधीन करून आलास, असे टोचून विचारतो. दोन प्रसंगांचा संबंध शास्त्र उघडपणे जोडत नाही. पण थोरल्या भावाचा तो राग ज्याने वाचला आहे, त्याला तो कोठून आला हे सांगावे लागत नाही. आपल्या घरांत असे अलियाब आहेत. आपण त्यांना तापट म्हणतो, हेवेखोर म्हणतो; त्यांना काय सोसावे लागले हे विचारत नाही.

आणि मंडळीत काय होते? ज्याला नोकरी लागली तो उपकारस्तुतीचे पाकीट देतो, पाळक वेदीवरून त्याचे नाव घेतात, तो साक्ष देतो. हे योग्यच आहे. पण ज्याने त्याच जागेसाठी त्याच आठवड्यात उपास करून प्रार्थना केली होती आणि ज्याला जागा मिळाली नाही, तो मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला साक्ष नाही. फार तर दारात हस्तांदोलन करताना आपण त्याला म्हणतो, ‘देवाची इच्छा नव्हती.’

या वाक्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. देवाच्या इच्छेविषयी बोलण्याचा आपल्याला हक्क आहे, पण ते इतके स्वस्तात बोलता येत नाही. एखाद्या कचेरीने जागा आधीच कोणाला तरी देऊन टाकली असेल आणि नियमापुरती जाहिरात काढली असेल, तर त्या नकाराला देवाची इच्छा म्हणणे म्हणजे कचेरीचे पाप देवाच्या नावावर लिहिणे होय. त्यामुळे देवाचे नाव अकारण घेतले जाते. आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तो अधिकारी मोकळा सुटतो. देव वाइटातूनही चांगले निर्माण करतो ही आपली श्रद्धा आहे. योसेफाने आपल्या भावांना तसे सांगितले. पण तुम्ही माझे वाईट योजिले, हेही त्याने त्याच श्वासात सांगितले (उत्पत्ती ५०:२०).

१८१२ सालचा एक नकार

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासाच्या आरंभीच एक नामंजूर अर्ज आहे. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेहून निघालेले मिशनरी त्याच वर्षी कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहण्याची परवानगी नाकारली आणि देश सोडण्याचा हुकूम केला. त्यांच्यात सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट ही होती. हॅरिएट गरोदर होती. दुसरे कोठे जाता येईना म्हणून ती दोघे मॉरिशसकडे जाणाऱ्या जहाजात चढली. वाटेत समुद्रावरच मूल जन्मले आणि काही दिवसांत गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएट मृत्यू पावली. तिचे वय १९ वर्षांचे होते.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी या मुलीचे वाईट चिंतले नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्यांच्याजवळ राजकीय कारणे होती. त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्धही पेटले होते. त्यांनी एक हुकूम लिहिला आणि ते पुढच्या कागदाकडे वळले. बहुतेक नकार असेच दिले जातात. त्यांत क्रौर्य नसते, फक्त त्या कागदानंतर काय होणार याचा विचार नसतो. कंपनीच्या हिशेबवहीत त्या हुकमाचा खर्च शून्य होता. न्यूएल यांच्या हिशेबात पत्नी आणि मूल होते.

याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांनाही परत पाठवण्याचा हुकूम आला. परंतु मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी तो तडकाफडकी अमलात आणला नाही; त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यांची पत्रे वाचली. अनेक महिन्यांच्या अनिश्चिततेनंतर त्यांना राहू देण्यात आले, आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पत्नीला पुरून एकटे राहिलेले न्यूएलही १८१४ साली मुंबईस येऊन मिळाले आणि १८२१ साली तेथेच वारले. एका अधिकाऱ्याने कागद वाचला, दुसऱ्याने फक्त निकालात काढला, एवढाच फरक.

ही हकिकत सांगताना एक धोका मात्र टाळला पाहिजे. ‘पाहा, त्या नकारातूनच आपल्याला मराठी मिशन मिळाले!’ असा हर्षभरित शेवट करण्याचा मोह होतो. नाकारलेला मनुष्य पुढे मोठा झाला, अशा गोष्टी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ सांगितल्या जातात. त्या खऱ्या असतात. परंतु जे मोठे झाले नाहीत त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. हॅरिएटचा हिशेब मराठी मिशनच्या वाढीने मिटत नाही. तो देवाजवळ शिल्लक आहे.

देव नकार कसा देतो?

मग नकार देण्याची देवाची स्वतःची रीत कोणती? पवित्र शास्त्रात देव वारंवार ‘नाही’ म्हणतो. काइनाकडे आपण पुन्हा वळू. त्याचे अर्पण का स्वीकारले नाही हे उत्पत्तीचा लेखक स्पष्ट सांगत नाही. परंतु त्यानंतर काय झाले हे तो सांगतो : परमेश्वर काइनाकडे आला. तू का संतापलास, तुझे तोंड का उतरले, असे त्याने विचारले. त्याला पुढची वाट दाखवली, दाराशी टपलेल्या पापाविषयी सावध केले. ज्याला नाकारले त्याच्याशी देव बोलला. त्या अध्यायात अर्पण स्वीकारलेल्या हाबेलाशी देव बोलल्याचा एक शब्दही नाही. काइनाने ऐकले नाही ही गोष्ट वेगळी.

दाविदाला मंदिर बांधावयाचे होते. त्याला नकार मिळाला. पण तो नाथान संदेष्ट्याच्या तोंडून, त्वरित, आणि एका मोठ्या अभिवचनासह मिळाला (२ शमुवेल ७). त्याचे कारणही दाविदाला ठाऊक होते (१ इतिहास २८:३). त्यामुळे दाविद कडवट झाला नाही. ज्या मंदिरावर आपला हात चालणार नव्हता त्यासाठी त्याने सोने, रुपे, लाकूड जमवून ठेवले. पौलाने शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली. तीही मान्य झाली नाही, पण तिला उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरावर तो उर्वरित आयुष्य जगला (२ करिंथ १२:८-९).

यहूदाच्या जागी प्रेषित निवडावयाचा होता तेव्हा दोन नावे पुढे आली. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. लूकाने न निवडलेल्या मनुष्याचे नाव गाळले असते तरी चालले असते. त्याने ते प्रथम लिहिले आहे, आणि पूर्ण लिहिले आहे : योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत, ज्याचे उपनाव युस्त होते (प्रेषितांची कृत्ये १:२३). पुढे नव्या करारात मत्थियाचेही नाव येत नाही, युस्ताचेही नाही. दोघांची नोंद सारखीच राहिली.

येथे कोणी प्रामाणिक वाचक विचारील, देव नेहमी उत्तर देतो काय? त्याचे मौन आम्ही सोसले आहे. हे खरे आहे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते. पण ते स्तोत्र आपल्या उपासनेच्या ग्रंथात ठेवले गेले आहे, ही गोष्ट लहान नाही. उत्तर न मिळालेल्याने कोणत्या शब्दांत तक्रार करावी, ते शब्दही देवाच्या वचनाने त्याला दिले आहेत. कोणती कचेरी आपल्याविरुद्धचा तक्रार-अर्ज स्वतः लिहून देते?

आणि शेवटी खुद्द प्रभूकडे पाहावे. मनुष्याच्या पुत्राने पुष्कळ दुःखे सोसावी व नापसंत केले जावे हे अगत्याचे आहे, असे तो म्हणाला (मार्क ८:३१). तेथील ग्रीक क्रियापद महत्त्वाचे आहे. त्याचा अर्थ केवळ झिडकारणे असा नाही. पारख करून, तपासणी करून नापसंत करणे असा आहे. त्याच्या मुळाशी जो शब्द आहे तो धातूची वा नाण्याची पारख करण्यासाठी वापरत. पारख करणारे कोण? वडील, मुख्य याजक व शास्त्री, म्हणजे न्यायसभेतील तिन्ही वर्ग. पूर्ण अधिकार असलेले निवड मंडळच म्हणा. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडासाठी पेत्राने हाच शब्द वापरला आहे (१ पेत्र २:४, ७). देवाने नकाराची किंमत अर्जदारावर टाकली नाही. तो स्वतः नाकारलेल्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला, आणि वेशीबाहेर त्याने ती किंमत दिली (इब्री १३:१२).

काही आक्षेप

हे सर्व ऐकून व्यवहारी मनुष्य म्हणेल की, लाखो अर्ज आल्यावर प्रत्येकाकडे पाहणे शक्य नाही. शुल्क ठेवले नाही तर कोणीही उठून अर्ज करील आणि परीक्षेला येणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याला उत्तर आपल्याच देशात दिले गेले आहे. रेल्वेने २०१९ साली सुमारे ३५ हजार जागांसाठी अर्ज मागवले तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. शुल्क ५०० रुपये होते. परंतु पहिल्या परीक्षेला जो हजर राहील त्याला त्यांतील ४०० रुपये, बँकेचा आकार वजा करून, परत मिळावयाचे होते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक इत्यादींना शुल्क २५० रुपये, आणि तेही हजर राहिल्यास परत. हौशी अर्जदाराला आळा बसला आणि खऱ्या अर्जदाराचा भार हलका झाला. पुढे त्याच परीक्षेच्या निकालावरून जानेवारी २०२२ मध्ये मोठा असंतोष उसळला हे खरे. पण शुल्काची ही पद्धत चांगली होती, हेही खरे.

दुसरे उदाहरण केंद्रीय लोकसेवा आयोगाचे. मुलाखतीपर्यंत पोहोचून अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असल्यास, इतर नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची योजना आयोगाने २०१८ साली सुरू केली; २०२५ मध्ये तिला ‘प्रतिभा सेतू’ असे नाव मिळाले. ‘आम्ही तुम्हांला निवडले नाही, पण तुमची वर्षे वाया गेली असे आम्ही मानत नाही,’ असा तिचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप आपल्या लोकांकडूनच येतो. दुःखाने धीर व धीराने शील निर्माण होते, असे पौल म्हणतो (रोम ५:३-४). मग नकाराने मनुष्य घडत नाही काय? घडतो. पण पौलाने हे स्वतःच्या दुःखाविषयी लिहिले. ज्याने सोसले त्याला हे म्हणण्याचा अधिकार आहे. ज्याने सोसावयास लावले त्याला नाही.

आपल्या अंगणात

सरकारी कचेऱ्यांविषयी बोलणे सोपे आहे. परंतु ख्रिस्ती शाळा, रुग्णालये, परिचारिका विद्यालये, वसतिगृहे, धर्मप्रांतांच्या कचेऱ्या, ईश्वरविज्ञान महाविद्यालये हीही दरवर्षी अर्ज मागवतात आणि बहुतेकांना नकार देतात. अशा समित्यांवर या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण बसतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मनुष्य आधीच ठरला असेल तर जाहिरात काढून इतरांना बोलावू नये. नाशिकहून, सोलापूरहून किंवा जालन्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या उमेदवाराला ठरलेल्या जागेसाठी दहा मिनिटे बसवणे, ही औपचारिकता नव्हे. त्याचे भाडे आपण चोरले आणि आपल्या नावाने खोटी साक्ष दिली. आठवी व नववी अशा दोन आज्ञा एकाच बैठकीत मोडल्या जातात.

दुसरी, नकारातून उत्पन्न मिळवू नये. प्रवेश-अर्जाची किंमत छपाई व तपासणीच्या खर्चाएवढीच असावी. जागा साठ आणि अर्ज सहाशे विकले गेले, तर उरलेल्या पैशाचा हिशेब विश्वस्तांनी स्वतःला विचारावा.

तिसरी, ठरलेल्या तारखेला उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. तुमचे होय ते होय व नाही ते नाही असावे, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:३७). मौन हे या दोहोंपैकी काहीच नाही. परीक्षेचे शुल्क मागणारा संदेश ज्या यंत्राने क्षणात पाठवता येतो, त्याच यंत्राने निकालही पाठवता येतो.

चौथी, जेथे शक्य आहे तेथे एक खरे कारण सांगावे. ‘अधिक योग्य उमेदवार मिळाला’ हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून कोणाला काही शिकता येत नाही. तुमचे इंग्रजी लेखन कमी पडले. तुमचा अनुभव वॉर्डातला आहे, आम्हांला शस्त्रक्रियागृहातला हवा होता. असे सांगितले तर मनुष्य पुढे काय करावे हे जाणतो. पाळकीय सेवेसाठी आलेल्या तरुणाला नकार द्यावयाचा असेल, तर हे अधिकच अगत्याचे आहे. कारण तो नोकरीसाठी आलेला नसतो, देवाने बोलावले असे समजून आलेला असतो. त्याला पत्राने कळवू नये. कोणीतरी त्याच्याजवळ बसावे.

आणि ज्या मंडळीत कोणतीही निवड समिती नाही, तिच्याही हाती काही आहे. वार्षिक अंदाजपत्रकात सहलीसाठी रक्कम असते, ध्वनिक्षेपकासाठी असते. परीक्षेला व मुलाखतीला जाणाऱ्या गरजू मुलामुलींच्या प्रवासभाड्यासाठी दोन-चार हजार रुपये असू शकतात. परीक्षेचे केंद्र ज्या शहरात आहे तेथील मंडळीने एका रात्रीचा आसरा देणे, ही तर अगदी नव्या करारातील रीत आहे. उपकारस्तुतीच्या वेळी ज्यांची निवड झाली नाही त्यांच्यासाठीही, नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत प्रार्थना करता येते.

वाचकहो, आपणांपैकी ज्यांच्या हाती नुकताच असा कागद आला आहे, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. एका मंडळाने एका कामासाठी केलेल्या पारखेचा तो निकाल आहे. ती पारख बरोबर असेल तर तिच्यातून काय शिकावे ते पाहावे; चूक असेल तर अपील करावे, लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवेप्रमाणे दार ठोठावत राहावे. पण त्या कागदाला आपल्या संपूर्ण आयुष्याविषयी बोलू देऊ नये, कारण त्याला ते ठाऊक नाही. घरात हे दुःख फार जड झाले असेल, तर एकट्याने वाहू नये. पाळकांजवळ, मित्राजवळ, गरज पडल्यास वैद्याजवळ बोलावे. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

आणि ज्यांच्या हाती शिक्का आहे, त्यांनी तो उचलण्यापूर्वी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवलेल्या छायाचित्राकडे एकदा पाहावे. नकार द्यावाच लागेल. पण पाहून द्यावा. काइनासारख्याकडेही जो चालत आला, तो देव आपणां सर्वांना तशी नजर देवो.